फुफ्फुसांतील डाग व त्याचा ठावठिकाणा



"छातीच्या फोटोंत डाग दिसला" हें वाक्य ज्या घरांत एकदां उच्चारलें जातें, त्या घरांतील झोंप त्या रात्रीपासून उडते. डाग हा शब्द मोठा फसवा आहे. तो ऐकतांच रोगाचें नांव कळल्यासारखें वाटतें. वास्तविक कळलेलें असतें तें इतकेंच कीं, जेथें हवा असावयास पाहिजे तेथें हवेहून घट्ट असें कांहींतरी आहे आणि त्यानें क्ष-किरणांची वाट अडविली आहे. तें क्षयाचें असेल, साध्या न्युमोनियाचें असेल, जुन्या दुखण्याचा वण असेल, बुरशीची गांठ असेल किंवा कर्करोगहि असेल. नक्की काय तें ठरवावयाचें तर बहुतेक वेळां त्या जागेचा कणभर तुकडा हातीं यावा लागतो. फुफ्फुसाच्या अगदीं टोंकाकडील बोराएवढ्या डागाचा तुकडा आणावयाचा कसा, या प्रश्नाला वैद्यकशास्त्रानें गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जें एक उत्तर शोधलें आहे, त्याची ओळख आज आपणांस करून द्यावयाची आहे.

प्रश्न दूरचा वाटूं नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांपुढें घेऊं. कोल्हापूर जिल्ह्यांतील भुदरगड तालुक्याचें मुख्य ठाणें म्हणजे गारगोटी. वेदगंगेच्या खोऱ्यांतील हें गांव कोल्हापुराहून सुमारें पन्नास किलोमीटरांवर आहे. पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगा, पूर्वेकडे निपाणीचा तंबाखूचा मुलूख. कोल्हापूर जिल्ह्यांतील पुष्कळ माणसें मुंबईच्या गिरण्यांत राबलीं. घरोघरीं चुलीचा धूर होता. विडी व तंबाखू तर हाताच्या अंतरावर. समजा, येथील साठीच्या घरांतील एक शेतकरी दोन महिने खोकतो आहे व त्याचें वजन उतरलें आहे. गारगोटीस छातीचा फोटो निघतो आणि उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागांत डाग दिसतो. थुंकी तपासली, पण तींत क्षयाचे जंतू सांपडले नाहींत. तो फोटो त्याच सायंकाळीं मोबाइलवरून पुण्याला किंवा मुंबईला असलेल्या भाच्याकडे येतो, आणि "मामांचें आतां काय करावें?" हा प्रश्न आपल्यासारख्यांच्या घरांत येऊन पडतो. हा शेतकरी काल्पनिक आहे. परंतु असा फोटो ज्यांच्याकडे आलेला आहे असे श्रोते थोडे नसतील.

अशा वेळीं पुष्कळदां सल्ला मिळतो तो असा: "क्षयच असावा, औषध सुरू करून पाहूं." या अनुमानाला आधार नाहीं असें नाहीं. जगांतील क्षयरोग्यांपैकीं सुमारें चतुर्थांश एकट्या भारतांत आहेत. आपल्या दक्षिण महाराष्ट्रांत डॉक्टर वानलेस यांनीं १८९४ सालीं मिरजेस रुग्णालय उभारलें, व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तेथून जवळच वानलेसवाडीस क्षयरोग्यांसाठीं आरोग्यधाम निघालें. मोकळी हवा, विश्रांति आणि दूध-अंडीं हाच ज्या काळीं मुख्य उपचार होता, त्या काळीं छातींतील डाग म्हणजे क्षय हें समीकरण लोकांच्या मनांत बसलें. पुढें रामबाण औषधें आलीं, परंतु समीकरण तसेंच राहिलें.

या अनुमानाची किंमत मात्र रोग्याला द्यावी लागते. क्षयाचा नेहमींचा उपचार सहा महिन्यांचा असतो, आणि त्याचा गुण येतो कीं नाहीं हें पाहण्यांतच दोन-तीन महिने निघून जातात. डाग कर्करोगाचा असला तर तो तितके दिवस थांबून राहत नाहीं. एक सेंटिमीटरच्या आंतील, कोठेंहि न पसरलेल्या गांठीवर वेळींच उपचार झाला तर पांच वर्षांनंतर शंभरांपैकीं नव्वदांच्या आसपास रोगी हयात असतात. तोच रोग दूरवर पसरल्यावर सांपडला तर ही संख्या दहावर किंवा त्याच्याहि खालीं येते. भारतांतील मोठ्या रुग्णालयांनीं आपल्या रोग्यांचे पूर्वेतिहास तपासले, तेव्हां फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या कित्येक रोग्यांना आधीं क्षयाचीं औषधें देण्यांत आलीं होतीं असें पुनःपुन्हां आढळून आलें आहे. उलट प्रकारहि घडतो. ज्या पेट स्कॅनमध्यें कर्करोगाची गांठ उजळून दिसते, त्याच तपासणींत क्षयाची गांठहि तशीच उजळते. मग जो रोग गोळ्यांनीं बरा झाला असता त्याच्या भीतीनें सारें कुटुंब खचून जातें, आणि क्वचित् छाती उघडण्यापर्यंतहि मजल जाते. म्हणून म्हणावयाचें कीं, छायेवरून तर्क चालविण्यापेक्षां तुकडा मिळविणें बरें.

आतां तो मिळविणें इतकें अवघड कां, हें पाहूं. नभोवाणीवर चित्र दाखविण्याची सोय नाहीं. तेव्हां एक झाड उलटें धरलें आहे अशी कल्पना करा. खोड म्हणजे घशाखालची मुख्य श्वासनलिका. तिला दोन फांद्या फुटतात. एक उजव्या फुफ्फुसांत जाते, दुसरी डाव्या. त्यांना पुन्हां फांद्या, त्यांना पुन्हां डहाळ्या, अशी ही फूट सुमारें तेवीस वेळां होते आणि शेवटीं पानांच्या जागीं हवेचे सूक्ष्म कोश असतात. या झाडाच्या आंत नळी घालून प्रथम पाहिलें तें जर्मनींतील फ्रायबुर्ग येथील गुस्ताव्ह किलियान यांनीं. १८९७ सालीं त्यांनीं एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेंत अडकलेला हाडाचा तुकडा सरळ नळीवाटें बाहेर काढला. पण धातूची नळी वांकत नाहीं, त्यामुळें ती मोठ्या फांद्यांच्या पलीकडे जाईना. १९५४ सालीं लंडनमध्यें हॅरल्ड हॉपकिन्स आणि पंजाबांतील मोगा येथें जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनीं, कांचेच्या केसासारख्या तंतूंच्या जुडग्यांतून चित्र वांकड्या वाटेनेंहि नेतां येतें, हें दाखविलें. त्याच तत्त्वावर जपानच्या शिगेतो इकेदा यांनीं १९६६ सालीं लवचीक ब्राँकोस्कोप जगापुढें ठेवला. आपल्याकडे रोगी जिला "छातीची दुर्बीण" म्हणतात ती हीच. हल्लींच्या दुर्बिणींत तंतूंऐवजीं टोंकाशीं चिमुकला कॅमेरा असतो.

तरीहि नेहमींच्या दुर्बिणीची जाडी पांच-सहा मिलिमीटर असते. चौथ्या-पांचव्या फांदीच्या पुढें ती शिरत नाहीं. डाग बाहेरच्या डहाळ्यांत असला तर दुर्बिणींतून पाहणाऱ्याला सारें निरोगीच दिसतें. पूर्वीं अशा वेळीं बारीक चिमटा त्या दिशेनें पुढें सरकवून अंदाजानें तुकडे घेत. दोन सेंटिमीटरांहून लहान डागांत या अंदाजी पद्धतीनें तिघांपैकीं एकाचेंच काय तें निदान होई. "दुर्बीण टाकली, पण कांहीं निघालें नाहीं" असें जें आपण ऐकतों, त्याचा अर्थ पुष्कळदां "तेथवर पोहोंचतां आलें नाहीं" इतकाच असतो.

जेथें दृष्टि पोहोंचत नाहीं तेथें ध्वनीला पाठवावें, ही कल्पना येथें उपयोगी पडली. तिचें मूळ एका दगडांत आहे, आणि योगायोग असा कीं त्या दगडाचें मराठी नांव गारगोटी हेंच आहे. १८८० सालीं पॅरिस येथें झाक व पिएर क्युरी या बंधूंनीं दाखविलें कीं, गारगोटीच्या जातीचा स्फटिक विशिष्ट रीतीनें दाबला असतां त्याच्या पृष्ठभागावर वीज उमटते. पुढच्याच वर्षीं याच्या उलटहि खरें ठरलें: वीज दिली असतां तो स्फटिक किंचित् फुगतो किंवा आकसतो. वीज भराभर उलटसुलट केली कीं स्फटिक थरथरूं लागतो, आणि त्यांतून आपल्या कानांना न ऐकूं येणारा सूक्ष्म ध्वनि निघतो. पहिल्या महायुद्धाच्या काळांत पॉल लांजव्हँ यांनीं असल्याच स्फटिकाच्या चकत्यांनीं समुद्रांत ध्वनि सोडून, त्याच्या प्रतिध्वनीवरून पाणबुडीचा ठाव घेण्याची युक्ति काढली. आज घरोघरीं माहीत झालेली सोनोग्राफी ही त्याच युक्तीची वंशज होय. हल्लींच्या यंत्रांत खाणींतील गारगोटी नसते, कृत्रिम पदार्थ असतात. तत्त्व मात्र तेंच आहे.

मग पोटाप्रमाणें छातीवरहि बाहेरून यंत्र फिरवून डाग कां पाहतां येऊं नये? कारण हवा. पोटांतील अवयव पाण्यानें ओथंबलेले असल्यामुळें ध्वनि त्यांतून सहज जातो; फुफ्फुस हवेनें भरलेलें असल्यामुळें तो उंबरठ्यावरूनच परत फिरतो. छातीच्या भिंतीला चिकटलेला डाग असला तर गोष्ट निराळी. आंतील डागासाठीं मात्र ध्वनीचें यंत्रच श्वासनलिकांतून डागापर्यंत न्यावें लागतें. जर्मनींत ह्यूर्टर व हान्राथ यांनीं असे प्रयोग करून त्यांचा वृत्तांत १९९२ सालीं प्रसिद्ध केला. आज त्यासाठीं जी सळई वापरतात ती सुमारें दीड मिलिमीटर जाडीची, लवचीक आणि टोंकाशीं गरगर फिरणारी असते. मनुष्याचा कान सेकंदास वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो. या सळईच्या टोंकांतून त्याच्या हजारपट, म्हणजे सेकंदास दोन कोटि कंपनांचा ध्वनि चहूंकडे फेंकला जातो.

दुर्बीण जेथें अडते तेथून ही सळई पुढें डहाळींत सरकवितात. भोंवतीं निरोगी, हवेनें भरलेलें फुफ्फुस असेपर्यंत पडद्यावर पिंजलेल्या कापसासारखें पांढुरकें कांहीं दिसत राहतें. सळई डागांत शिरतांच तो कापूस बाजूस सरतो आणि मध्यें गडद, कांठ असलेली आकृति उमटते. घट्ट गांठीला ध्वनि असा ओळखतो. येथें एक अडचण होती. ठिकाण सांपडल्यावर सळई काढून तिच्या जागीं चिमटा घालावयाचा, तोंवर वाट चुकण्याचा संभव. यावर जपानच्या नोरिआकी कुरिमोतो यांनीं सळईवर एक बारीक पोकळ नळी चढविली. सळई काढली तरी नळी डागाशीं जागच्या जागीं राहते व चिमटा तिच्यांतून नेमका तेथेंच उतरतो. २००४ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या १५० डागांच्या वृत्तांतांत ११६ डागांचें निदान झालें होतें. सळई डागाच्या मधोमध गेली होती तेथें शंभरांपैकीं ८७ वेळां यश आलें; ती नुसती कडेला टेंकली होती तेथें ४२ वेळांच. कडेला टेंकणें आणि आंत शिरणें यांत एवढा फरक आहे.

याच कुळांतील दुसरें एक साधन आहे, आणि नांवाच्या सारखेपणामुळें दोहोंची गल्लत होते. त्याला डॉक्टर "ईबस" म्हणतात. त्यांत ध्वनीचें यंत्र दुर्बिणीच्याच टोंकावर बसविलेलें असून शेजारून एक सुई निघते. तें बाहेरच्या डहाळ्यांसाठीं नसून खोडाच्या आसपासच्या लसिकाग्रंथींसाठीं आहे. दोन्ही फुफ्फुसांच्या मधील जागेंत, मोठ्या रक्तवाहिन्यांना लागून या ग्रंथि असतात. पूर्वीं त्यांचा तुकडा घ्यावयाचा तर पूर्ण भूल देऊन गळ्याच्या खालीं छेद घ्यावा लागे. आतां श्वासनलिकेच्या भिंतीपलीकडील ग्रंथि व तिच्या शेजारची रक्तवाहिनी पडद्यावर पाहत पाहत सुई टोंचतां येते. जपानांतील चिबा येथील डॉक्टरांनीं २००४ च्या सुमारास ही पद्धत पुढें आणली आणि आज ती जगभर रूढ आहे. आपल्या शेतकऱ्याच्या सीटी स्कॅनमध्यें डागाबरोबर या ग्रंथीहि सुजलेल्या दिसल्या, तर आधीं तेथूनच नमुना घेणें पुष्कळदां शहाणपणाचें ठरतें. त्यावरून रोग कोणता हें कळतें, आणि तो कर्करोग असल्यास कोठवर पसरला आहे हेंहि कळतें.

आतां दुसरी बाजू. नव्या साधनाची स्तुति ऐकून तें अचूक आहे असा समज होऊं नये. डहाळ्यांत जाणाऱ्या सळईविषयीं निरनिराळ्या देशांतील सोळा अभ्यासांची एकत्र बेरीज २०११ सालीं करण्यांत आली. तींत, कर्करोग खरोखर असतांना तो शंभरांपैकीं सुमारें ७३ वेळां पकडला जातो असें दिसलें. म्हणजे सुमारें सत्तावीस वेळां तो असूनहि हातीं लागत नाहीं. यासाठीं एक गोष्ट प्रत्येक कुटुंबानें पक्की ध्यानांत ठेविली पाहिजे. तुकड्यांत कर्करोग सांपडला तर तें उत्तर बहुधा खरें असतें; परंतु "सांपडला नाहीं" म्हणजे "नाहींच" असें नव्हे. "साधी सूज" एवढेंच उत्तर आलें आणि डाग मात्र वाढतच आहे, तर पुन्हां तपासणी झालीच पाहिजे.

दुसरे मार्गहि आहेत. सीटीच्या साहाय्यानें छातीच्या बाहेरून सुई घालून तुकडा घेतां येतो. डाग छातीच्या भिंतीजवळ असेल तर हा मार्ग सोपा, आणि त्यांत शंभरांपैकीं नव्वदांच्या आसपास निदान होतें. परंतु फुफ्फुसाला भोंक पडून छातींत हवा सांठण्याचा प्रकार त्यांत शंभरांपैकीं पंधरा-वीस जणांत घडतो. ध्वनीच्या सळईनें तो शंभरांत एकाच्या आसपास. विड्या ओढून ज्याचीं फुफ्फुसें आधींच विरलेलीं आहेत, त्याला हा फरक जिवाचा असूं शकतो. उलट, डागापर्यंत जाणारी एकहि डहाळी सीटींत दिसत नसेल तर सळई नेणार कोठून? तेथें सुईच बरी. कांहीं डागांना तर लगेच हातहि लावूं नये. सहा मिलिमीटरांहून लहान ठिपका असेल तर त्याचा तुकडा घेण्याच्या फंदांत न पडतां, रोग्याला धोका कितपत आहे हें पाहून ठराविक काळानें पुन्हां सीटी करावयाचा कीं नाहीं, एवढेंच ठरवितात.

तपासणीच्या दिवशीं काय होतें तें थोडक्यांत सांगतों. रोग्यास सुमारें सहा तास उपाशी ठेवितात. रक्त पातळ करणारीं औषधें चालूं असतील तर तीं कधीं थांबवावयाचीं हें डॉक्टरांस आधीं विचारावें लागतें. स्वतःच्या मनानें थांबवूं नयेत. घसा बधिर करतात, शिरेंतून गुंगीचें औषध देतात, आणि अर्ध्या-पाऊण तासांत काम आटोपतें. बहुतेक रोगी त्याच दिवशीं घरीं जातात. पुढचा एखादा दिवस थुंकींतून रक्ताचा अंश येतो. मात्र रक्त फार पडलें, दम लागला किंवा छातींत एकाएकीं दुखूं लागलें, तर ताबडतोब रुग्णालय गांठावें.

नमुना निघाल्यावर आणखी एक काळजी घ्यावी लागते. आपल्या देशांत क्षय व कर्करोग हे दोन्ही संशय एकाच वेळीं हजर असतात. कर्करोगाच्या परीक्षेसाठीं तुकडा फॉर्मालिनमध्यें ठेवितात. परंतु फॉर्मालिनमध्यें क्षयाचे जंतू मरतात व मग ते प्रयोगशाळेंत वाढवून पाहतां येत नाहींत. म्हणून नमुन्याचा कांहीं भाग निराळा, मिठाच्या पाण्यांत ठेवून, क्षयाच्या परीक्षेसाठीं पाठवावा लागतो. त्यावर सीबीनॅट ही परीक्षा केल्यास दोन तासांत जंतूंचा अंश लागतो, आणि रिफाम्पिसिन हें मुख्य औषध त्यांवर चालेल कीं नाहीं हेंहि समजतें. कर्करोग निघाला तरी तुकड्याचें काम संपत नाहीं. फुफ्फुसाच्या कर्करोगाची एक मोठी जात अशी आहे कीं, तिच्या भारतीय रोग्यांपैकीं सुमारें चतुर्थांशांत एक विशिष्ट जनुकीय फरक आढळतो, आणि अशांना तोंडानें घ्यावयाच्या गोळ्यांचा चांगला उपयोग होतो. हें सारें त्या तिळाएवढ्या तुकड्यावरच ठरतें.

गारगोटीसारख्या गांवच्या रोग्याला यंत्रापेक्षां अंतराची अडचण मोठी आहे. ग्रामीण रुग्णालयांत फोटो व थुंकी होईल. सीटी स्कॅनसाठीं व छातीच्या तज्ज्ञासाठीं कोल्हापूर गांठावें लागेल; लोक ज्याला थोरला दवाखाना म्हणतात तें छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालय तेथें आहे. ध्वनीच्या सळईची सोय मुख्यतः मोठ्या शहरांतून आहे, आणि कर्करोगाचा संशय बळावला तर परळच्या, १९४१ सालीं उघडलेल्या, टाटा स्मारक रुग्णालयाची वाट धरावी लागते. अशा प्रवासांत एक खेप वायां जाणें म्हणजे मजुरी बुडणें, भाडें बुडणें आणि पुष्कळदां पुढची खेपच रद्द होणें. शहरांतील शिकलेल्या नातेवाइकाची मदत नेमकी येथें व्हावयास पाहिजे.

ती मदत म्हणजे पैसाच असें नाहीं. पहिली गोष्ट, छातीचे जुने फोटो रद्दींत जाऊं देऊं नका. तोच डाग दोन वर्षांपूर्वींच्या फोटोंत तेवढाच होता असें दिसलें तर अर्धी चिंता तेथेंच मिटते. दुसरी, मामांना गाडींत बसविण्यापूर्वीं फोनवर चौकशी करून तपासणीचा दिवस, खर्च व उपाशी राहण्याची वेळ ठरवून घ्या. तिसरी, डॉक्टरांना हे प्रश्न कागदावर लिहून विचारा: क्षय असें आपण म्हणतां तें जंतू सांपडल्यामुळें कीं फोटोवरून? डागापर्यंत जाणारी वाट सीटींत दिसते काय? आंतून जाणें बरें कीं बाहेरून सुई घालणें? नमुना क्षयासाठीं व कर्करोगासाठीं निरनिराळा पाठविणार ना? आणि उत्तर "नाहीं" असें आलें तर पुढचा फोटो कोणत्या तारखेस काढावयाचा?

डॉक्टरांना असें विचारणें म्हणजे त्यांचा अनादर करणें, असें कित्येकांना वाटतें. तसें मुळींच नाहीं. चांगल्या डॉक्टरांच्या मनांत हेच प्रश्न आधींपासून असतात. दाराबाहेर पन्नास रोगी ताटकळत बसलेले असतांना ते बोलून दाखविण्यास त्यांना सवड नसते एवढेंच. आपण विचारलें तर ते सांगतील, आणि कधींकधीं "क्षयाचें औषध सुरू करा" असें लिहिण्यापूर्वीं कागद बाजूस ठेवून तो फोटो पुन्हां एकदां उजेडासमोर धरतील.